पिठाचा कोंबडा आणि फोनमधला साप

सुखाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकं फार लवकर गाठली जातात. एक म्हणजे मनाला येईल ते करा, आणि दुसरं म्हणजे सगळं सोडा. किती घ्यावं आणि कसं घ्यावं यावर बोलणारं माणूस क्वचित भेटतं. खरं तर आपल्या श्रावकाचाराचा सगळा भर त्या ‘किती’वर आणि ‘कसं’वर आहे. म्हणून आज मला एका अगदी किरकोळ सुखाबद्दल लिहायचंय. व्हिडिओ गेमबद्दल. तेही नव्या नाही, जुन्या, साध्या, चौकटी-चौकटींच्या चित्रांच्या.

विषय बघून काही जणी पान उलटतील. थोडं थांबा. ज्यांच्या घरात मुलं किंवा नातवंडं आहेत, आणि ज्यांच्या स्वतःच्या हातात दुपारी फोन असतो, त्यांचाच हा विषय आहे.

माझा मुलगा आता तेहेतीस वर्षांचा आहे. कमावता आहे, हवा तो महागडा खेळ विकत घेऊ शकतो. तरी गेली दोन वर्षं तो शनिवारी-रविवारी जे खेळतो ते त्याच्या जन्माच्याही आधीचे खेळ आहेत. आणि हे एकट्या त्याचं नाही. त्याच्या वयाची कितीतरी माणसं पुन्हा तिकडे वळली आहेत. नोकियाचा ३३१० हा फोन २००० साली आला आणि पुढे बाजारातून गेला. २०१७ साली तो नव्या रूपात परत आणला, तेव्हा त्यात सापाचा खेळही आठवणीनं घातला होता. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचं मन चांगलं कळतं.

यावर सोपं उत्तर तयार असतं: लहानपणाची ओढ, दुसरं काय! आपल्या भाषेत सांगायचं तर राग, आसक्ती. सरून गेलेल्या दिवसांना कवटाळून बसणं. एवढंच असेल तर त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मी स्वतःच आहे. माझ्या लहानपणी बेळगावात आमच्या वाट्याला सागरगोटे, काचाकवड्या आणि चल्लस-आठ आले. टीव्हीला जोडायचा गेम मी पाहिला तो आई झाल्यावर. त्याच्या वायरी गुंडाळून ठेवणं आणि कॅसेट चालली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारतात ते बघणं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. सापाचा खेळ तेवढा माझ्या पहिल्या मोबाइलवर मी खेळले होते, बसस्टँडवर गाडीची वाट बघत. बाकी टेट्रिस वगैरे मी हातात घेतलं ते पन्नाशी उलटल्यावर, मुलानं शिकवलं तेव्हा. मला त्यातून कुठलं बालपण परत मिळणार? तरी मजा आली. म्हणजे त्या खेळातच काहीतरी आहे.

काय आहे ते बघू. टेट्रिस ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वरून एकेक तुकडा खाली येतो. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा. असे एकूण ७ आकार. येता येता तो फिरवायचा आणि खालच्या ढिगात नेमका बसवायचा. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. फटी राहिल्या तर ढीग चढत जातो, आणि वर टेकला की खेळ संपला. पाहुणे यायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये पातेली बसवताना आपण जे करतो तेच. मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ साली तयार केला. त्यांच्या समोरच्या यंत्रावर चित्र काढायची सोयच नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं उमटायची. म्हणून त्यांनी कंसांच्या खुणा जोडून चौकोन दाखवले. कंस! आपण लिहिताना वापरतो तेच. गंमत म्हणजे या खेळावर जगभर कुणीकुणी पैसे मिळवले, पण त्यांना स्वतःला मानधन सुरू झालं ते १९९६ नंतर.

दुसरं उदाहरण मारिओचं. १९८५ सालचा तो पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सगळा मिळून ४० किलोबाइटांत बसतो. लग्नात काढलेला एखादा फोटो आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो, तोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. जागा इतकी कमी, की आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांचा आकार एकच ठेवलाय. रंग तेवढा पांढऱ्याचा हिरवा केला. मुलानं दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि एकदा आल्यावर हसूच आलं. एकाच ब्लाउजपिसातून उरलेल्या तुकड्याचा बटवा शिवणाऱ्या आमच्या आज्जीची आठवण झाली.

१९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तर अडचणीतूनच खेळ रंगला. वरून रांगा करून शत्रू उतरतात, आपण खालून त्यांना टिपायचं. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले भराभर धावायला लागतात. तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला तेव्हाचं यंत्र मंद होतं. पडद्यावर आकृत्या पुष्कळ असल्या की ते रेंगाळायचं, कमी झाल्या की वेग घ्यायचं. ती यंत्राची दुर्बलता त्यांनी तशीच ठेवली, आणि शेवटच्या एकट्या उरलेल्या शत्रूला पकडताना होणारी धडधड हीच खेळाची जान झाली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. साधन थोडं, नियम एक-दोन, आणि सगळं समोर उघडं. दोन मिनिटांत कळतं काय करायचं, आणि मग करायला उरतं ते फक्त लक्ष देणं. मन पूर्ण गुंततं, पण गुंत्यात पडत नाही.

आता माझ्याच म्हणण्यावर मला आक्षेप घेऊ द्या, कारण जुनं म्हणजे सात्त्विक असं म्हणायचा मोह मलाही होतो. पॅक-मॅन हा १९८० सालचा खेळ तोरू इवातानी यांनी बनवला. खेळाच्या अड्ड्यांवर तेव्हा सगळी पोरंटोरं, आणि खेळ मारामारीचे. बायकांनीही यावं म्हणून त्यांनी खाण्यावर आधारलेला खेळ काढला. हेतू छान. पण तो ज्या यंत्रात होता ते नाण्यावर चालायचं. हरलात की टाका दुसरं नाणं. तेव्हाही लोकांचे खिसे रिकामे होत होते, आणि तेव्हाच्या आयाही ओरडत होत्या. म्हणजे लोभ काही काल जन्मलेला नाही.

तरीही फरक आहे, आणि तो मला मुलाच्या एका वाक्यातून कळला. आधी तो एक मोठा खेळ रोज खेळायचा. मी विचारलं, का सोडलास? म्हणाला, “आई, मी खेळत नव्हतो गं, हजेरी लावत होतो.” मग त्यानं समजावून सांगितलं. रोज खेळ उघडला की बक्षीस. एक दिवस चुकला की मालिका तुटते. काही आठवड्यांनी नवा ‘सीझन’, आणि त्यात जे मिळवायचं ते त्या मुदतीत मिळवलं नाही तर गेलं. मध्येच फोन टिणटिणतो: तुमचे सैनिक वाट बघतायत. वर बंद पेट्या, ज्या पैसे देऊन घ्यायच्या आणि आत काय निघेल ते नशीब. बेल्जियम देशानं २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. सप्तव्यसनांची यादी आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. त्यात पहिलं नाव द्यूताचं का, हे आता नीट उमगतं. द्यूताला तळ नसतो.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग असा भेद केलाय. एकदा भोगून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र. श्रावकानं दोन्हींना माप घालावं, म्हणून भोगोपभोगपरिमाण व्रत. मला वाटतं, जुना खेळ उपभोगाच्या जातीचा आहे. खणातल्या सुती लुगड्यासारखा. घडी मोडा, नेसा, परत ठेवा. तो तिथेच असतो, आणि नेसलं नाही म्हणून रुसत नाही. नव्या खेळांतल्या पुष्कळांनी खेळाचं रूपांतर भोगात केलंय. आजचं आज खा, उद्या शिळं होईल, आणि भूक तर वाढतीच राहील.

इथवर ठीक. पण गेल्या चातुर्मासात बस्तीतल्या आमच्या स्वाध्यायात एक प्रश्न निघाला, आणि तो इतक्यावर भागणारा नव्हता. यशोधराची कथा चालली होती. आपल्या भागात ती फार जुनी. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकात सांगितली, कन्नडमध्ये जन्न कवीनं १२०९ साली. राजा यशोधराला त्याची आई चंद्रमती देवीला बळी द्यायला सांगते. तो जिवंत प्राणी मारायला तयार नाही. मग तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात, अगदी खऱ्यासारखा, आणि तो कापतात. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी त्या पापानं माय-लेकरं जन्मोजन्मी मोर, कुत्रं अशा योनींत भटकत राहिली.

कथा संपली आणि एक तरुण सून म्हणाली, “काकू, माझा मुलगा रोज संध्याकाळी फोनवर पन्नास माणसं मारून जेवायला येतो. हा पिठाचा कोंबडा नव्हे का?”

सगळ्या गप्प. मग एक आक्का ठामपणे म्हणाल्या, “होय की. तेच ते.” लगेच दुसरी म्हणाली, “मग आमच्या पोरांनी मारिओत कासवं तुडवली, त्याचं काय हो?” थोडं हसणं झालं. ती सून हसली नाही. तिला घरी जाऊन काहीतरी ठरवायचं होतं.

मी तो प्रश्न घेऊन पुष्कळ दिवस फिरले. पिठाला जीव नव्हता, मग पाप कशाचं? यशोधराच्या मनात तीन गोष्टी होत्या. हा कोंबडा आहे, मी त्याला मारतोय, आणि या मारण्यातून माझं भलं व्हावं. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा मात्र पुरती झाली. अमृतचंद्राचार्यही हिंसा-अहिंसेचं मूळ भावातच दाखवतात: मनात राग-द्वेष न उठणं ही अहिंसा, उठणं ही हिंसा. मग पडद्यावर काय मेलं याची मोजदाद करून उत्तर मिळणार नाही. बुद्धिबळाच्या लाकडी प्याद्यांवरसुद्धा माणूस दात-ओठ खाऊन खेळू शकतो. उलट नेमबाजीच्या खेळात एखाद्या मुलाचं सगळं लक्ष नेम धरण्यातच असू शकतं.

तरी चित्राचा काहीच परिणाम नसतो असं नाही. कोंबडा हुबेहूब का घडवला? भाव जागा व्हावा म्हणूनच. नव्या खेळांत रक्त, किंकाळी, कोसळणं हे सगळं खरं वाटावं म्हणून अपार मेहनत घेतात, तीही त्यासाठीच. फोनमधला साप म्हणजे काळ्या ठिपक्यांची एक रेघ. तो जे खातो तोही एक ठिपका. तानेली आर्मांतो यांनी १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनसाठी तो केला, तेव्हा त्या इवल्या पडद्यावर याहून जास्त काही मावत नव्हतं. तिथे मारल्याचा भाव उठायला जागाच नाही. साप जितकं खातो तितका लांबतो, आणि शेवटी भिंतीवर आपटतो नाहीतर आपल्याच शेपटीला अडकतो. बाहेरचा वैरी कुणी नाहीच. परिग्रहावर प्रवचन देणाऱ्यांनी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही, पण खेळताना कुणी तो विचार करू नये. लगेच आपटाल.

त्या सुनेला मी एवढंच म्हटलं, “किती मेले ते मोजू नकोस. फोन खाली ठेवल्यावर तो कसा असतो ते बघ. प्रत्येक खेळानंतर बघ.” तीन आठवड्यांनी ती सांगत आली, आणि जे तिनं सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. बंदुकीच्या खेळानंतर पोरगं चिडचिडं असायचं हे खरं. पण त्याहून जास्त तो बिथरायचा ते एका रंगीबेरंगी, गोड चित्रांच्या खेळानंतर. त्यात मारणं नावालासुद्धा नव्हतं. पण हरलं की थांबा, नाहीतर पैसे भरा. घरात सगळे त्या खेळाला ‘चांगला’ म्हणत होते! आता तिनं आणि मुलानं मिळून दोन्ही काढून टाकलेत. रात्रीच्या जेवणानंतर दोघं आळीपाळीनं टेट्रिस खेळतात. तो तिला हरवतो आणि शांत झोपतो, असं तीच सांगते. सगळ्या घरांत असं जमेल असं मी म्हणत नाही. पण रक्त दिसलं की पाप आणि साखर दिसली की पुण्य, हा हिशेब चुकीचा आहे एवढं मला त्यातून पक्कं कळलं.

आता जुन्या खेळांचं कौतुक थोडं आवरायला हवं. त्यांत रक्त नव्हतं ते यंत्राला दाखवता येत नव्हतं म्हणून. ते थोडक्यात आटोपायचे ते जागा नव्हती म्हणून. पॅक-मॅनच्या २५६व्या पातळीवर अर्धा पडदा विस्कटून जातो आणि पुढे जाता येत नाही, कारण पातळी मोजणाऱ्या आकड्याला तिथवरच जागा दिलेली होती. ही काही संयमाची शिकवण नव्हे. ज्याला मिळत नाही म्हणून जो खात नाही त्याला उपवास घडला असं आपण म्हणत नाही. असमर्थता म्हणजे त्याग नाही. तेव्हा १९९८ साली माझा मुलगा साधे खेळ खेळत होता यात त्याचं काही पुण्य नव्हतं. दुसरं काही नव्हतंच.

आणि नेमकं इथेच मला या ‘पुन्हा सापडण्या’चं मोल वाटतं. तो खेळ तोच आहे, पण खेळणारा आता वेगळ्या जागी उभा आहे. आज त्याच्यासमोर सगळं ताट वाढलेलं आहे, आणि त्यातून तो मूठभर उचलतो. तेव्हाची मर्यादा यंत्रानं घातली होती. आताची त्यानं स्वतः घातली. पहिल्या वेळचा आनंद मिळालेला होता, हा निवडलेला आहे. दिसायला दोन्ही सारखेच, पण व्रताच्या हिशेबात दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. समंतभद्राचार्य परिमाणाचे दोन प्रकार सांगतात. जन्मभरासाठी घेतला तो यम, काही काळासाठी घेतला तो नियम. नियम घेणाऱ्याजवळ वस्तू असते, हाताच्या अंतरावर असते, आणि तरी तो हात आखडतो. शक्ती आहे ती त्या हात आखडण्यात.

अर्थात मन बिलंदर आहे. साधेपणाचाही ते साठा करतं. ९०च्या दशकात पोरांच्या हातात एक विटांचा खेळ असायचा, त्याच्यावर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात दहा-पंधरा खेळ आणि त्यांचीच वेगवेगळी गती. आता मात्र खरोखर तळहाताएवढ्या डबीत हजारो जुने खेळ भरलेले मिळतात. मुलानं अशी एक आणली. पहिला आठवडा तो नुसती यादी वर-खाली करत होता. हा दोन मिनिटं, तो दोन मिनिटं. साधा खेळ हजारांनी गोळा केला की तो साधा राहत नाही. शेवटी त्यानं तीन ठेवले, बाकी पुसले. आपण तरी काय करतो? साध्या राहणीसाठी म्हणून सुती साड्या घ्यायला लागतो, आणि वर्षभरात कपाट सुती साड्यांनी भरतं.

आमच्या स्वाध्यायातल्या एक वडीलधाऱ्या काकू मात्र माझं काहीच मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, खेळ तो खेळच. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे, विनाकारण केलेली कृती. त्यात हे सगळं आलं. तो वेळ सामायिकाला द्या. ४८ मिनिटांचं तर सामायिक! याला माझ्याकडे तोडीचं उत्तर नाही, आणि मी ते शोधतही नाही. मुनी खेळत नाहीत. पण आपण मुनी नाही, गृहस्थ आहोत, आणि गृहस्थाची वाट पायरीपायरीनं जाते. गुजरात-राजस्थानातल्या जैन घरांत ज्ञानबाजीचा पट असे. आपला सापशिडीचा खेळ, ८४ घरांचा, सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि अगदी वर सिद्धशिला. पर्युषणातसुद्धा लोक तो खेळत. म्हणजे मन खेळ मागतं हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतं. त्यांनी त्याला दटावलं नाही. त्याच्यापुढे असा पट मांडला की जो एका जागी संपतो, आणि संपल्यावर गुंडाळून ठेवता येतो.

टेट्रिसलाही शेवट आहे का, हे पुष्कळ वर्षं नीट कळलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा १९८९ सालचं टेट्रिस खेळत खेळत इतका पुढे गेला की यंत्रच थिजलं. तिथवर जाणारा तो पहिला माणूस. चौतीस वर्षं जुन्या खेळात, काहीही विकत न घेता, निव्वळ लक्ष देऊन. मला ती बातमी एखाद्या तपश्चर्येच्या बातमीसारखी वाटली असं म्हटलं तर काकू रागावतील. म्हणून म्हणत नाही.

दशलक्षण पर्वात मी दहा दिवस खेळ बंद ठेवते. त्या दहा दिवसांत टेट्रिसनं मला एकदाही आठवण करून दिलेली नाही. घंटा नाही, निरोप नाही, कुठली मालिका तुटली नाही. अकराव्या दिवशी उघडलं तर तसंच, रिकामा चौकोन आणि वरून येणारा पहिला तुकडा. एखादं सुख किती निर्मळ आहे हे ओळखायची ही एक खूण मला सापडली आहे, आणि ती फक्त खेळापुरती नाही. तुमचा खेळ वेगळा असेल. कुणाची रात्रीची मालिका असेल, कुणाचं सोन्याचं दुकान, कुणाचा व्हॉट्सॲपचा ग्रुप. यम घ्यायची घाई नको. येत्या भादव्यात दहा दिवसांचा नियम घेऊन बघा. आणि अकराव्या दिवशी स्वतःकडेच जरा लक्ष ठेवा, आपण त्या सुखाकडे चालत जातो की धावत.